पायाखालची बॅटरी आणि मांडीखालची पोकळी

विजेची गाडी पाहायला गेलेले कुटुंब मागच्या सीटवर मिनिटभर बसते, गुडघ्यांपुढे वीतभर जागा दिसली की समाधान पावते आणि लगेच एका चार्जमध्ये किती किलोमीटर, या प्रश्नाकडे वळते. गुडघ्यांपुढची जागा या गाड्यांत चांगली असते, कारण पुढे अवजड इंजिन नसल्याने चाके टोकांकडे सरकवता येतात. पण हा लाभ मुळातच विजेसाठी आखलेल्या गाडीत पुरेपूर मिळतो. एमजी विंडसरची लांबी ४२९५ मिलिमीटर आहे आणि पेट्रोल-डिझेलच्या क्रेटावरून घडवलेल्या क्रेटा इलेक्ट्रिकची ४३४० मिलिमीटर. तरीही व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर, विंडसरमध्ये २७०० मिलिमीटर, तर क्रेटामध्ये २६१० मिलिमीटर भरते.

लांबच्या प्रवासातला आराम मात्र बऱ्याच अंशी एका उभ्या मापावर ठरतो, आणि ते माहितीपत्रकात सहसा छापत नाहीत. हे माप म्हणजे बसलेल्या माणसाच्या टाचेपासून खुब्यापर्यंतची उंची. बॅटरी गाडीच्या तळाशी बसवतात, कारण वजन खाली राहिले की वळणावर गाडी स्थिर राहते. पण या जाड पेटीमुळे पाय ठेवण्याची जागा वर उचलली जाते. छपरालाही तेवढेच वर नेले तर हवेचा अडथळा वाढून पल्ला घटतो, म्हणून सीट फारशी उंच करता येत नाही. मग गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून सुटतात, भार बैठकीच्या दोन हाडांवर एकवटतो आणि कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो. सीटची पाठ कितीही मागे रेलली तरी मांड्यांखालची ही पोकळी भरून निघत नाही.

अभियंत्यांनी यावर वेगवेगळे मार्ग काढले आहेत. २०१९ साली आलेल्या पोर्शे टायकानमध्ये मागच्या प्रवाशांच्या पायांसाठी बॅटरीतच खळगा ठेवला आहे. बीवायडीच्या ‘ब्लेड’ बॅटरीतील प्रत्येक सेल सुमारे ९६ सेंटीमीटर लांब, पण उंचीला जेमतेम ९ सेंटीमीटर असतो. असे सेल एकमेकांना लागून थेट पेटीत रचल्यामुळे पेटीची जाडी आटोक्यात राहते.



मांडीखालच्या पोकळीची चाचणी शोरूममध्येच करता येते. तिथे पुढची सीट अनेकदा पुढे ढकलून ठेवलेली असते. ती आधी आपल्या उंचीप्रमाणे लावावी, मग तिच्यामागे बूट घालून, तळवे सपाट टेकवून दहा-पंधरा मिनिटे बसावे आणि गुडघ्याच्या जरा अलीकडे मांडीखाली हात सरकवून पाहावा. हात सहज आत गेला, तर गुडघ्यांपुढच्या वीतभर जागेचे फार कौतुक करू नये.