डब्यातली गांडुळं का मरतात?

गांडूळखताचा डबा घरी आणणाऱ्या शहरी कुटुंबांची एक तक्रार ठरलेली असते. पहिले पंधरा दिवस छान गेले, मग वास सुटला, गांडुळं झाकणावर चढली आणि आठवडाभरात दिसेनाशी झाली. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. कुणी म्हणतं पाणी जास्त झालं, कुणी म्हणतं कमी पडलं. कुणी चुना टाकायला सांगतं, कुणी ताजं शेण. यातले शेवटचे दोन सल्ले उरलीसुरली गांडुळंही मारू शकतात. ते का, हे कळायला गांडुळाच्या शरीराची एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते. त्याला फुप्फुसं नाहीत, कल्लेही नाहीत. ते सगळ्या अंगाने, कातडीतून श्वास घेतं, आणि डब्यातलं जवळजवळ प्रत्येक मरण याच वाटेने येतं.

त्याआधी एक गैरसमज दूर करू. ‘गांडूळ कचरा खातं’ हे निम्मंच खरं आहे. गांडुळाला दात नसतात. दुधीची ताजी साल पुढ्यात टाकली तर ते तिला तोंडही लावत नाही. आधी बुरशी आणि जिवाणू त्या सालीवर वाढतात, तिचा मऊ लगदा करतात, आणि मग गांडूळ तो लगदा जिवाणूंसकट आत ओढतं. पोटातल्या पेषणीत बारीक खडे आणि वाळूचे कण असतात, त्यांच्यामध्ये तो दळला जातो. पुढे आतड्यात गांडूळ त्यात भरपूर पाणी आणि सहज पचेल असा स्राव मिसळतं. या खुराकाने निपचित पडलेले जिवाणू कामाला लागतात, भाजीच्या देठातला सेल्युलोज फोडतात, आणि त्यातून सुटलेल्या अन्नात गांडुळाचाही वाटा असतो. म्हणजे डब्यात रोज किती कचरा जिरेल हे गांडुळांच्या भुकेपेक्षा जिवाणूंच्या वेगावर आणि त्या जिवाणूंना मिळणाऱ्या हवेवर ठरतं.

आता कातडीकडे येऊ. गांडुळाच्या अंगावर नेहमी ओलसर, बुळबुळीत थर असतो. हवेतला ऑक्सिजन आधी त्या थरात विरघळतो आणि मग कातडीलगतच्या केशवाहिन्यांत उतरतो. तिथे त्याला पकडायला हिमोग्लोबिन असतं. आपलं हिमोग्लोबिन तांबड्या पेशींमध्ये भरलेलं असतं. गांडुळाचं रक्तद्रवात मोकळंच विरघळलेलं असतं आणि त्याचा रेणू अवाढव्य असतो. आपल्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजन धरणाऱ्या ४ जागा आहेत, तर लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या बारकाईने अभ्यासलेल्या युरोपीय गांडुळाच्या रेणूत १४४.

चार्ल्स डार्विनने गांडुळांवर लिहिलेलं पुस्तक १८८१ साली प्रसिद्ध झालं. त्यात एदमों पेरिये या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाची दोन निरीक्षणं शेजारीशेजारी दिली आहेत. कोरड्या हवेत उघडी ठेवलेली गांडुळं एका रात्रीत मेली. याउलट पाण्यात पूर्ण बुडवून ठेवलेली काही मोठी गांडुळं जवळजवळ चार महिने जगली. कोरड्या हवेत ऑक्सिजन भरपूर होता, पण तो विरघळायला अंगावर ओल उरली नाही. पाण्यात ओल होती, आणि जोवर त्या पाण्यात ऑक्सिजन होता तोवर गांडुळाला काही झालं नाही.

डब्यातल्या पाण्यात मात्र ऑक्सिजन टिकत नाही. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. शिवाय पाण्यातून ऑक्सिजन पुढे सरकण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी. कचऱ्याच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की तिथले भुकेले जिवाणू हा तुटपुंजा साठा बघताबघता संपवतात. मग हवेविना जगणाऱ्या जिवाणूंची सद्दी सुरू होते. ते अ‍ॅसेटिक आणि ब्युटिरिक आम्लं बनवतात, हायड्रोजन सल्फाइड सोडतात. आंबूस-कुजका वास येतो तो याचाच. त्या क्षणी गांडूळ वर, झाकणाकडे पळतं, कारण हवा तिथेच उरलेली असते. झाकणाला चिकटलेली गांडुळं दिसली की भाजी टाकणं बंद करावं, पुठ्ठ्याचे कोरडे तुकडे मिसळावेत आणि माल हाताने हलका मोकळा करावा. नुसतं झाकण उघडून ठेवलं तर वरचा थर सुकतो आणि आतला तसाच राहतो.

आता चुना का नको ते पाहू. प्रथिनं कुजताना अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो: विद्युतभार असलेला अमोनियम आयन आणि भार नसलेला अमोनिया. आयनाला कातडीतून सहज शिरता येत नाही. भार नसलेला अमोनिया सरळ आत जातो आणि तोच विषारी. या दोघांचं प्रमाण सामूवर (pH) ठरतं. सामू म्हणजे आम्लतेचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली. २५ अंशाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की सुमारे ५ टक्के आणि ९ झाला की ३५ टक्क्यांच्या वर. डबा आंबला म्हणून चुना टाकला की सामू झपकन चढतो आणि इतका वेळ निरुपद्रवी असलेला अमोनियम अचानक विष होतो. ताज्या शेणात, आणि त्याहून जास्त कोंबडीखतात, मुळातच अमोनिया सुटत असतो, वर ते तापतंही. शेण वापरायचंच तर पंधरा-वीस दिवस उघड्यावर पसरून ठेवलेलं, वास आणि ऊब गेलेलं घ्यावं. आम्लता कमी करायला अंड्याची वाळवून कुटलेली कवचं चांगली. ती कॅल्शियम कार्बोनेटची असतात, आम्ल असेल तेवढीच विरघळतात आणि सामू भलता चढू देत नाहीत. कुटलेलं कवच पेषणीत दळणाच्या खड्यांचंही काम करतं.

मिठाची गोष्टही कातडीचीच. बाहेर खारटपणा वाढला की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. लोणचं, पापड, फोडणीची भाजी, उरलेलं वरण म्हणूनच नको. तेलाने तर कणांमधल्या फटीच लिंपल्या जातात. कोकोपीटमध्येही, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पुष्कळदा मीठ असतं, ते दोन-तीनदा धुऊन, पिळून मगच वापरावं.

मांडणी सोपी आहे. साधारण ४५ बाय ६० सेंमी आणि ३० सेंमी खोल असा टब किंवा क्रेट घ्यावा. खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा, कारण ही गांडुळं वरच्या थरात राहतात. तळाला आणि वरच्या कडेलगत ५-६ मिलिमीटरची भोकं पाडून आतून नायलॉनची जाळी लावावी, डबा विटांवर उचलून खाली ताट ठेवावं. तळाशी १० ते १५ सेंमी अंथरूण घालावं: फाडलेला पुठ्ठा, वर्तमानपत्राच्या पट्ट्या, धुतलेलं कोकोपीट, सुकी पानं, वर दोन मुठी बागेतली माती. चकचकीत कागद नको. अंथरूण रात्रभर भिजवून पिळावं. मूठ घट्ट आवळली तर एखाद-दुसरा थेंब पडावा, धार लागू नये. त्यावर अर्धा किलो गांडुळं सोडावीत आणि पहिले दोन-तीन दिवस काहीच देऊ नये. मग रोज १०० ग्रॅम, आणि आधीचं बरंचसं दिसेनासं झालं तरच पुढचं. जमलेला डबा रोज गांडुळांच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत ओला कचरा जिरवतो, म्हणजे अर्धा किलोला पाव किलो. चार माणसांच्या घराचा सगळा ओला कचरा एका डब्यात जिरेल ही अपेक्षा चुकीची आहे. त्यासाठी दोन-तीन डबे लागतील.

कचरा जितका बारीक चिरावा तितका जिवाणूंना पृष्ठभाग जास्त मिळतो. तो दोन-तीन सेंमीच्या थरात, रोज वेगळ्या कोपऱ्यात द्यावा आणि त्यावर तितक्याच आकारमानाचा सुका कागद किंवा पाला पसरावा. हा सुका थर विसरला की चिलटं आलीच. भाजीत ८०-९० टक्के पाणी असतं, त्यामुळे झाकलेल्या डब्याला सहसा वेगळं पाणी लागत नाही. केळीच्या साली, पालेभाजीचे देठ, पपई, चहाचा धुतलेला चोथा, दोरा काढलेलं निर्माल्य हे उत्तम. संत्री-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन गांडुळांना घातक असतं, त्या अगदी थोड्या. आंब्याची कोय पचत नाही, डब्यात रुजते. एकदम तीन-चार किलो कचरा ओतला तर आतून तापतो. आयसेनिया फेटिडा ही सर्वाधिक विकली जाणारी जात १५ ते २५ अंशांत खूश असते आणि ३५ च्या पुढे मरू लागते. आफ्रिकेतून आलेली युड्रिलस युजेनी जरा जास्त उष्णता मानवणारी, पण थंडीत मलूल होणारी. कोकणात ती बरी चालते. विदर्भातल्या मे महिन्यात डबा सावलीत ठेवून वर ओलं गोणपाट टाकावंच लागतं.

पाहुणेही येतात. धाग्यासारखे पांढरेफटक किडे म्हणजे गांडुळाची पिल्लं नव्हेत. पिल्लाच्या पारदर्शक अंगात रक्तवाहिनीची लाल रेघ दिसते. पांढरे फार झाले तर डबा आंबट झालाय असं समजावं. करड्या जाडजूड अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या निरुपद्रवी, पण ओलं अन्न जास्त पडतंय हे सांगणाऱ्या. मुंग्या लागल्या तर अंथरूण सुकलंय. पिवळसर, लिंबाच्या आकाराचे बारके दाणे मात्र जपावेत, ते गांडुळांचे अंडकोष. आयसेनियाच्या एका कोषातून साधारण तीन आठवड्यांनी सरासरी दोन-तीन पिल्लं निघतात.

विदेशी गांडूळ हे गांडूळच नव्हे, ते जमिनीत विष सोडतं, असं शेतकरी मेळाव्यांत ठासून सांगितलं जातं. आयसेनिया जमिनीत खोल बिळं करत नाही हे खरं. ती पालापाचोळ्यात राहणारी जात आहे आणि तिला शेतात सोडून नांगरणीची अपेक्षा करणं चूकच. पण विष सोडण्याच्या दाव्याला आधार नाही. गांडुळाच्या अंगात जड धातू साठतात ते त्याने खाल्लेल्या कचऱ्यातून. धातू ते स्वतः तयार करू शकत नाही. स्वयंपाकघरातल्या सालींत ती भीती नाही, शहराच्या मिसळलेल्या कचऱ्यात आहे. परकी गांडुळं घाटातल्या जंगलात नेऊन सोडू नयेत, एवढी काळजी जरूर घ्यावी. उलट टोकाला ‘गांडुळं दर महिन्याला दुप्पट होतील, वाढलेली आम्हीच विकत घेऊ’ असं सांगून पैसे गोळा करणारे आहेत. डब्यातली संख्या जागा आणि अन्न संपेपर्यंतच वाढते, मग अंडकोष घालणं मंदावतं. कागदावरची दुपटीची गणितं प्रत्यक्षात तिथेच अडकतात.

दोन-तीन महिन्यांत माल काळा, रवाळ होतो आणि त्याला मातीचा वास येतो. तेव्हा नवा कचरा आठवडाभर एकाच बाजूला द्यावा. बरीच गांडुळं तिकडे जातात. दुसऱ्या बाजूचं खत कागदावर शंकूसारखं रचून उजेडात ठेवावं. गांडुळांना उजेड सोसत नाही, ती खाली सरकतात. दर दहा मिनिटांनी वरचा थर काढून घ्यावा. खत सावलीत थोडं सुकवावं, उन्हात कडकडीत वाळवू नये. त्यात नत्र साधारण एक-दोन टक्केच असतं, तेव्हा त्याला युरियाच्या मापाने मोजू नये. कुंडीत चार भाग मातीला एक भाग पुरे, नुसत्या गांडूळखतात रोप लावू नये. ताटात जमलेलं काळं पाणी म्हणजे व्हर्मीवॉश, म्हणजे गांडुळं आणि तयार खत यांतून मुद्दाम झिरपवलेलं खतपाणी, नव्हे. ते न कुजलेल्या कचऱ्याचा निचरा असू शकतं. वास येत असेल तर ओतून द्यावं, नसेल तर दहापट पाण्यात मिसळून शोभेच्या झाडांना घालावं. डबा तापत नसल्याने त्यातले सगळे रोगजंतू मरतीलच अशी खात्री नसते, टोमॅटोच्या बियाही जिवंत राहून कुंडीत उगवतात. कच्च्या खायच्या कोथिंबीर-पुदिन्याला हे पाणी घालू नये, आणि खत हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.