बायोडाट्यातला 'वर्ण'

लग्नाच्या बायोडाट्यात 'वर्ण' हा शब्द बऱ्याचदा दोन ठिकाणी येतो. एकदा उंचीच्या खाली, 'वर्ण : निमगोरा' असा. मग पत्रिकेच्या तपशिलात रास, नक्षत्र, गण, नाडी यांच्या रांगेत 'वर्ण : विप्र' असा. भरणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही, वाचणाराही अडखळत नाही. पण जोडीदार निवडताना गोऱ्या रंगाला झुकतं माप देणं ही आवड की पूर्वग्रह, या वादाचा गुंता इथूनच सुरू होतो. म्हणून आधी या शब्दापाशी थांबायला हवं.

पत्रिकेतला वर्ण राशीवरून ठरतो. कर्क, वृश्चिक, मीन विप्र. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. ३६ गुणांत त्याचा वाटा फक्त १ गुणाचा. मिथुन राशीची मुलगी कुठल्याही जातीतली असो, दिसायला कितीही उजळ असो, पत्रिकेत ती शूद्रच. इथे जातही नाही आणि कातडीही नाही. उंचीखालचा वर्ण मात्र निव्वळ कातडीचा. तिसरा, चातुर्वर्ण्यातला वर्ण, हा शब्द म्हणून बायोडाट्यात कुठेच नसतो, पण 'जात/पोटजात' ही ओळ त्याच घरातली. त्यामुळे 'मुलाकडचे वर्ण पाहणारे आहेत' असा निरोप आला, तर ते नक्की काय पाहणार हे ज्याने त्याने आपापल्या अनुभवाने समजून घ्यायचं. एकजण म्हणतो, आम्हाला फक्त गोरी मुलगी हवी, जातीचा काय संबंध? दुसऱ्याला त्याच वाक्यात जात ऐकू येते. दोघांचंही ऐकणं खोटं नाही.

संस्कृतात वर्ण म्हणजे रंग, म्हणून चार वर्ण म्हणजे चार रंग, म्हणून वरच्या जाती गोऱ्या आर्यांच्या आणि खालच्या काळ्या अनार्यांच्या, ही साखळी एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांनी घट्ट केली. १९०१ च्या जनगणनेच्या आयुक्ताने तर नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावता येते असं मांडलं. बाबासाहेबांनी १९४६ साली या मांडणीला हात घातला. वर्ण या शब्दाचं मूळ कातडीत नाही, श्रद्धेत आणि पंथात आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे दोन वर्षांनी त्यांनी नाकाचीच मापं पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळ्या वंशांचे नाहीत हे दाखवलं. तरीही 'रंगावरून जात कळते' हे वाक्य आजही लग्नाच्या बैठकीत सहज बोललं जातं. आपल्याच घरात एका आईच्या पोटी दोन रंगांची भावंडं वाढत असताना हे वाक्य टिकून राहतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रंगाचा शब्द आणि रंग यांची किती फारकत होऊ शकते, याचं सर्वांत बोलकं उदाहरण कोकणातलं आहे. तिथल्या बेने इस्राएल या ज्यू समाजात, ज्यांना गावात शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणत, 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट होते आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता. गोरा म्हणजे आईबाप दोन्हीकडून समाजातला. काळा म्हणजे ज्याच्या घराण्यात आई बाहेरची आलेली. त्वचा कुणी तपासत नव्हतं, तपासली जायची ती कुळी. नाव मात्र रंगाचं दिलं होतं, कारण वरचा-खालचा सांगायला तेच शब्द हाताशी होते. हा भेद विरत गेला. पण इस्राएलला गेलेल्या याच मराठी बोलणाऱ्या माणसांच्या वाट्याला १९६२ साली उलटी पाळी आली. लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा, असा आदेश तिथल्या धर्मपीठाने काढला. लोकांनी धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये संसदेने लक्ष घातल्यावर तो विषय मागे पडला.

आता बायोडाट्यातल्या वरच्या ओळीकडे येऊ. तिथे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा अशी शिडी असते. काळा ही पायरी कुणी लिहीत नाही. माझ्या मावसबहिणीचा बायोडाटा टाइप करायला आम्ही गेलो होतो तेव्हा मावशीने घरून कागदावर 'सावळी' लिहून आणलं होतं. टाइप करणाऱ्या काकांनी बोटं तशीच कीबोर्डवर ठेवून वर पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाले, "ताई, गव्हाळ टाकू का? सावळी वाचलं की पुढचं वाचत नाहीत." मावशीने मान हलवली. बहीण शेजारीच उभी होती, तिला कुणी विचारलं नाही. ज्या शब्दाने आपण विठ्ठलाला हाक मारतो, तो त्या कागदावर चालत नव्हता.

काकांच्या त्या बोलण्यात मला या सगळ्या वादाची किल्ली सापडते. आवड असते हे कुणी नाकारत नाही. समोर माणूस आला, मन जुळलं किंवा नाही जुळलं, त्यावर कुणाची जबरदस्ती असू नये. पण 'पुढचं वाचत नाहीत' ही आवड नव्हे. आवडायला आधी पाहावं लागतं, आणि रंगाचा रकाना पाहण्याच्या आधीच काम करतो. शिवाय तो भरतात आईवडील, वाचतात मुलाचे काका-मामा. म्हणजे ज्याची आवड म्हणून समर्थन केलं जातं, त्याने फोटोही पाहिलेला नसतो.

बाजाराने हे फार लवकर ओळखलं. गोरेपणाची क्रीम १९७५ साली आली आणि तिच्या जाहिराती वर्षानुवर्षं लग्न नि नोकरीभोवतीच फिरत राहिल्या. २००५ मध्ये पुरुषांसाठी वेगळी ट्यूब आली. २००९ पासून दक्षिणेत सुरू झालेल्या एका मोहिमेने सावळेपणाची बाजू जाहीरपणे मांडायला सुरुवात केली. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेने, सावळी माणसं दुःखी, अपयशी किंवा लग्नासाठी नकोशी दाखवू नयेत, असे नियम घातले. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने गोरं करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना कैद आणि दंड सुचवणारा कायदादुरुस्तीचा मसुदा काढला.

मग आला जून २०२०. मिनियापोलिसमध्ये एका कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला त्याला महिनाही झाला नव्हता. समलिंगी पुरुषांच्या एका मोठ्या डेटिंग ॲपने वंशाचा फिल्टर काढत असल्याचं जाहीर केलं. काही दिवसांतच अमेरिकेतल्या एका भारतीय तरुणीने आपल्याकडच्या एका मोठ्या विवाह संकेतस्थळावर त्वचेच्या रंगाचा फिल्टर का आहे, असा सवाल करत सह्यांची मोहीम काढली. काही तासांत हजाराहून जास्त सह्या जमल्या आणि कंपनीने फिल्टर काढला. त्याच महिन्यात जुन्या क्रीमच्या नावातला गोरेपणाचा शब्दही काढायचं ठरलं.

यातला विवाह संकेतस्थळाच्या कंपनीचा खुलासा मला फार महत्त्वाचा वाटतो. हा फिल्टर काही कामाचाच नव्हता, जुन्या रचनेतला उरलेला तुकडा होता, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे रंगाने काही गाळलं जात नव्हतं, तरी रंग विचारला जात होता. डेटिंग ॲपवाल्यांसमोर वेगळीच तक्रार होती. अल्पसंख्य समाजातले काहीजण म्हणत होते की, याच फिल्टरने आम्हाला आमची माणसं सापडतात, तो काढू नका. परक्या देशात मराठी स्थळ शोधणाऱ्या मुलाला हा मुद्दा लगेच पटेल, आणि तो खराही आहे. एकमेकांना शोधणं आणि एखाद्याला नजरेआड करणं या दोन्ही गोष्टी एकाच बटणाने होतात. आपल्या संकेतस्थळांवर जातीचा फिल्टर मात्र तेव्हाही राहिला, आजही आहे.

कायदा या बाबतीत अर्धवट आहे. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे; रंग नाही. वंशभेदाविरुद्धच्या १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारात रंग आहे, आणि भारताने तो १९६८ साली मान्य केला आहे. अर्थात लग्नाला कोण कुणाला निवडतो यात दोन्हींपैकी काहीच थेट पोचत नाही. रंग कोर्टात येतो तो लग्नानंतर, टोमण्यांच्या रूपाने. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटकात नवऱ्याला काळा म्हणून हिणवणं ही क्रूरता धरून घटस्फोट दिला गेला. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मात्र, सातारा जिल्ह्यातल्या १९९८ च्या एका प्रकरणात, बायकोला रंगावरून टोमणे मारणारा नवरा सुटला; हे घरगुती भांडण आहे, फौजदारी गुन्ह्याइतकी क्रूरता नव्हे, असं न्यायालयाने म्हटलं. एक दिवाणी, दुसरं फौजदारी, त्यामुळे दोन्ही निकाल एका तराजूत घालता येणार नाहीत. पण साताऱ्याच्या त्या घरातली ती बाई निकालाच्या २७ वर्षं आधीच जीव देऊन गेली होती.

मावसबहिणीची मुलगी आता लग्नाची आहे. बायोडाट्याचा साचा तिने मोबाइलवर उतरवून घेतला, त्यात नाव, जन्मवेळ, उंची, वर्ण असे रकाने तयारच होते. उंचीखालचा वर्ण तिने स्वतःच पुसला. ओळ गेली तशी खालची 'जात/पोटजात' एक घर वर सरकली, आणि ती भरून तिने तो आईला पाठवला.