इजिमे

इजिमे : जपानी शाळांत एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्याच वर्गातील मुलांनी गट करून दिलेला त्रास. ‘इजिमेरु’ (छळणे) या क्रियापदावरून हे नाम झाले. मारहाण, पैसे उकळणे, वर्गात घालायचे बूट लपवणे हे सगळे त्यात येते. पण त्याचा सर्वांत पक्का प्रकार म्हणजे अबोला. मुले त्याला ‘शिकातो’ म्हणतात. हानाफुदा या पत्त्यांच्या खेळात दहाव्या महिन्याच्या पानावर मान फिरवून उभे असलेले हरीण असते. हरीण म्हणजे ‘शिका’. त्यावरून समोरचा माणूस नाहीच असे वागण्याला जुगाऱ्यांच्या बोलीत हा शब्द आला, आणि तिथून तो शाळेत शिरला.

मराठी मुलांची कट्टी वरवर अशीच वाटते. पण कट्टी तोंडावर सांगून घेतात आणि बट्टीची वाट मोकळी असते. शिकातोला जास्त जवळचे आहे ते वाळीत टाकणे. जपानी खेड्यांतही ती चाल होती. तिचे नाव ‘मुराहाचिबु’.

जपानी वर्गाची घडी याला सोयीची आहे. तीच तीस-चाळीस मुले वर्षभर एकत्र शिकतात, वर्ग झाडतात, बाके जोडून तिथेच जेवतात. नकोशा मुलाचे बाक जोडताना चार बोटांची फट ठेवली, की सगळ्यांना कळते. शिक्षकाच्या नजरेला मात्र काहीच गैर दिसत नाही.

समाजशास्त्रज्ञ योजी मोरिता यांनी इजिमेचे चार थर मांडले : छळ सोसणारा, छळणारे, मजा घेणारे प्रेक्षक आणि न पाहिल्यासारखे करणारे बघे. वर्गात छळ किती वाढतो, हे छळणाऱ्यांपेक्षा बघ्यांच्या संख्येवर अधिक ठरते, असे त्यांना आढळले.

या बघ्यांत शिक्षकही असू शकतात. टोकियोच्या नाकानो भागातील एका शाळेत मुलांनी वर्गमित्राची खोटी अंत्ययात्रा मांडली. त्याच्या बाकावर ठेवलेल्या निरोपाच्या कार्डावर चार शिक्षकांनीही सह्या केल्या होत्या. 1986 च्या फेब्रुवारीत त्या मुलाने आत्महत्या केली आणि देश हादरला. 2011 मध्ये शिगा प्रांतातील ओत्सु शहरात तेरा वर्षांच्या मुलाच्या आत्महत्येनंतर शाळा आणि शिक्षण मंडळाने हात झटकले. त्यावरील संतापातून 2013 चा इजिमे प्रतिबंधक कायदा आला. आत्महत्या, गंभीर इजा किंवा छळामुळे दीर्घकाळ शाळा सुटणे ही त्यात ‘गंभीर घटना’ ठरते आणि तिची चौकशी बंधनकारक असते.

आकडेवारी जपून वाचावी लागते. 2005 च्या शैक्षणिक वर्षात 20,143 प्रकरणे नोंदली गेली, पुढच्याच वर्षी 1,24,898. मुले एका वर्षात सहापट दुष्ट झाली नव्हती. व्याख्या बदलली होती. आधी त्रास ‘एकतर्फी, सतत आणि गंभीर’ असावा लागे. 2006 पासून ज्याला सोसावे लागले त्याला मनस्ताप झाला का, एवढेच पाहतात. 2023 च्या वर्षातील नोंद 7,32,568 आहे. शिक्षण मंत्रालय जास्त नोंदी करणाऱ्या शाळांना नावे ठेवत नाही. उलट एकही प्रकरण नसल्याचे कळवणाऱ्या शाळेने ते शून्य पालक आणि विद्यार्थ्यांपुढे जाहीर करून पडताळून घ्यावे, अशी त्याची सूचना आहे.