फेब्रुवारीत नागपूरला येताय? स्वेटर घरी ठेवू नका

"नागपूर म्हणजे भट्टी, दोन पातळ टीशर्ट टाक आणि ये", हे पुण्या-मुंबईचे पाहुणे वर्षानुवर्षं ऐकत आलेत, आणि मग फेब्रुवारीत सकाळी सहाला स्टेशनवर उतरले की ऑटोत कुडकुडत बसतात. माझा मुंबईचा मावसभाऊ तर आईची शाल गुंडाळून तर्री पोहे खायला आला होता, फोटो आहे माझ्याकडे.

भट्टी खरी, पण ती एप्रिल-मेमधली. फेब्रुवारीत दुपारी साधारण ३२ अंश आणि पहाटे १५ च्या आसपास राहते. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ मोकळं, म्हणून दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर थंड होते, मुंबईत असं होत नाही कारण तिथं समुद्र आणि दमट हवा आहे. म्हणजे एक हलका स्वेटर पाहिजेच, दहानंतर कमरेला बांधा.

दुसरा गैरसमज, कमी कपडे म्हणजे कमी गरमी. उलट आहे ना! कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, त्रास होतो तो थेट चामडीवर पडणाऱ्या उन्हाचा, म्हणून सैल, फुलबाहीचा सुती कुर्ता बरा. इथल्या पोरी स्कूटीवर फक्त डोळे दिसतील असा दुपट्टा काहून बांधतात? फॅशन नाही ती. (खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही हेही खोटंच, पाणी प्या.)

दीक्षाभूमीवर स्तूपात जाताना चप्पल काढावी लागते, तेव्हा लेसवाले बूट नको. आणि छोटी छत्री ठेवाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये इकडे अवकाळी पाऊस येतो, कधी गारासुद्धा.