दोन बाइटांची आठवण

आर्डुइनो युनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर एटीमेगा ३२८पी नावाची चिप असते आणि तिची रॅम असते २०४८ बाइट. हा लेख त्यात साठवायचा म्हटला तर पहिले दोन परिच्छेदही मावणार नाहीत. तरी या चिपने बटणावर लक्ष ठेवावं, पडद्यावर आकडे दाखवावेत, सेन्सर वाचावेत आणि मोटरही सांभाळावी अशी आपली अपेक्षा असते. मोठ्या संगणकावर अशा प्रत्येक कामाला वेगळा थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा धागा, देतात. पण प्रत्येक थ्रेडला स्वतःचा स्टॅक, म्हणजे तात्पुरती माहिती ठेवायची जागा, लागतो. तो २०० बाइटचा धरला तरी पाच कामांचे १००० बाइट झाले, म्हणजे निम्मी रॅम काम सुरू होण्याआधीच संपली.

म्हणून छोट्या चिपवर बहुधा स्टेट मशीन, म्हणजे ठरावीक स्थितींमधून फिरणारा प्रोग्राम, लिहितात. इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरणारा कंट्रोलर घ्या. टाकी रिकामी झाली की मोटर चालू करायची, पंधरा सेकंदांनी पाइपात पाणी आलंय का ते बघायचं. आलं असेल तर टाकी भरेपर्यंत थांबायचं. नसेल तर मोटर कोरडी फिरून जळू नये म्हणून ती बंद करायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करायचा. म्हणजे यंत्राच्या चार स्थिती झाल्या: निवांत, तपासणी, भरणं आणि विश्रांती. चिप दर काही मिलिसेकंदांनी आपलं फंक्शन (कोडचा एक तुकडा) हाकारते. ते फंक्शन सध्याची स्थिती पाहतं, गरज असेल तर ती बदलतं आणि लगेच परततं. त्यामुळे मोटर अर्धा तास विश्रांती घेत असली तरी बटण आणि पडदा अडकून पडत नाहीत.

सी या प्रोग्रामिंग भाषेत हे ‘स्विच’ (आकडा पाहून योग्य जागी उडी मारणारी आज्ञा) आणि चार ‘केस’ (त्या उडीच्या जागा) लिहून होतं. गोष्ट मात्र विस्कटते. वर तीन-चार वाक्यांत सांगून झालेला क्रम चार कप्प्यांत वाटला जातो, आणि कुठल्या कप्प्यातून कुठे उडी आहे हे वाचणाऱ्याला डोक्यात जुळवावं लागतं. चार स्थितींना ते जमतं. पंधरा झाल्या की लिहिणाऱ्यालाच महिन्याभराने आपला कोड परका वाटतो.

लिहायचंय ते खरं तर असं. (ओळींचे आकडे मुद्दाम ठेवलेत, ते पुढे लागणार आहेत. खरा कोड अर्थातच सीच्या लिपीत असतो.)

४० थांब(टाकी_रिकामी);
४१ मोटर_चालू(); गजर(१५ सेकंद);
४२ थांब(गजर_झाला);
४३ जर (पाइपात_पाणी) {
४४   थांब(टाकी_भरली किंवा पाणी_थांबलं);
४५   मोटर_बंद();
४६ } नाहीतर {
४७   मोटर_बंद(); गजर(३० मिनिटे);
४८   थांब(गजर_झाला);
४९ }

हे सगळं एका न संपणाऱ्या लूपमध्ये असतं. इथे ‘थांब’ म्हणजे अट खरी होईपर्यंत पुढे जायचं नाही, पण चिपही अडवायची नाही. सीमध्ये अशी आज्ञा नाही. ती प्रीप्रोसेसरकडून बनवून घेता येते.

प्रीप्रोसेसर हा कंपायलरच्या, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, आधी चालणारा भाग. त्याला सीचं व्याकरण कळत नाही, तो फक्त मजकुराच्या जागी मजकूर ठेवतो. डेनिस रिची बेल लॅब्समध्ये सी घडवत होते तेव्हा, १९७२-७३ च्या सुमारास, तो भाषेत आला. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर यांनी त्यात वाढ केली. त्याच्याकडे एक बारीकशी सोय आहे: ‘लाइन’ नावाचा तयार मॅक्रो (नावाच्या जागी मजकूर ठेवण्याचा नियम). तो जिथे लिहाल तिथे त्या ओळीचा क्रमांक येतो. एरवी चूक दाखवणाऱ्या संदेशात ओळ छापण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग नसतो.

आता ‘थांब’ मॅक्रोत तीन गोष्टी घाला: स्थितीच्या चलात ओळीचा क्रमांक ठेव, तिथेच त्या क्रमांकाची ‘केस’ लिही, अट खोटी असेल तर फंक्शनमधून परत जा. ४२व्या ओळीवर त्याचं होतं: स्थिती = ४२; केस ४२: गजर झाला नसेल तर परत. फंक्शनच्या तोंडाशी ‘सुरुवात’ नावाचा मॅक्रो असतो, त्यातून ‘स्विच(स्थिती)’ उघडतं आणि शेवटच्या मॅक्रोत ते बंद होतं. पुढच्या वेळी फंक्शन हाकारलं की स्विच थेट ४२व्या ओळीवर उतरतं आणि अट पुन्हा तपासतं. पुस्तकात खूण घालून उठावं आणि परत येऊन तिथूनच वाचावं, तसं हे चालतं. स्टेट मशीन कुठे गेलेली नाही, फक्त स्थितींना नावं देण्याचं काम आपण ओळींच्या क्रमांकांवर सोपवलं.

पण ४४वी ओळ ‘जर’च्या कंसात आहे आणि तो ‘जर’ लूपच्या आत आहे. स्विचने बाहेरून थेट तिथे उडी मारायची? सीमध्ये चालतं. ‘केस’ ही फक्त एक पाटी आहे. ती स्विचच्या पोटात कितीही खोल ठोकली तरी कंपायलरची हरकत नसते. याचा फायदा १९८३ मध्ये लुकासफिल्ममध्ये काम करणाऱ्या टॉम डफ यांनी घेतला. डेटा वेगाने एका हार्डवेअर रजिस्टरमध्ये ओतण्यासाठी त्यांनी स्विच आणि लूप एकमेकांत गुंफले. आज त्याला ‘डफ्स डिव्हाइस’ म्हणतात. या शोधाचा अभिमान आणि किळस दोन्ही वाटते, असं त्यांनीच सहकाऱ्यांना लिहिलं होतं. त्याच टिपणात स्विच वापरून स्टेट मशीन लिहिण्याची आणखी एक युक्ती आपल्याकडे आहे, पण ती सांगवत नाही इतकी ओंगळ आहे, असाही उल्लेख आहे. ती नेमकी हीच होती का, हे त्यांनी तिथे उलगडलेलं नाही; पण वासावरून तरी याच घराण्यातली वाटते.

२००० मध्ये ‘पुटी’ या दूरच्या संगणकाशी जोडून देणाऱ्या प्रोग्रामचे कर्ते सायमन टॅथम यांनी ही युक्ती मॅक्रोंसह नीट मांडली आणि पुटीमध्ये ती वापरलीही. आपण कोडिंगचे सगळे शिष्टाचार मोडतोय याची त्यांना कल्पना होती. वाक्यरचना सोवळी ठेवण्यासाठी मूळ कृती दिसेनाशी होत असेल तर चूक नियमांची आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. स्वच्छ दिसणारे चार कप्पे वाचून टाकी कशी भरते ते कळत नसेल, तर त्या स्वच्छतेचं करायचं काय?

या युक्तीचं सर्वात परिचित रूप स्वीडनमधून आलं. तिथल्या संगणकशास्त्र संस्थेत अॅडम डंकल्स यांनी छोट्या, बिनतारी सेन्सरांसाठी कॉन्टिकी ही ऑपरेटिंग सिस्टिम बांधली आणि तिच्यात हे मॅक्रो ‘प्रोटोथ्रेड’ या नावाने आणले. एका प्रोटोथ्रेडला लागणारी स्मृती फक्त दोन बाइट, खूण ठेवण्यापुरती. सगळे प्रोटोथ्रेड एकच स्टॅक वापरतात. २००६ च्या शोधनिबंधात डंकल्स आणि सहकाऱ्यांनी आधीच चालत असलेले अनेक प्रोग्राम या पद्धतीने पुन्हा लिहून पाहिले. त्यांतल्या बहुसंख्य स्टेट मशीन पूर्णपणे काढून टाकता आल्या.

किंमत अर्थात आहे. खूण पान सांगते, वाचताना तुमच्या मनात काय चाललं होतं ते सांगत नाही. फंक्शन परतलं की त्याची लोकल (त्याच्यापुरती) चलं जातात, म्हणून ‘थांब’ ओलांडून टिकवायचं ते सगळं ‘स्टॅटिक’ (कायम टिकणारं) करावं लागतं किंवा वेगळ्या स्ट्रक्टमध्ये (चलांच्या गठ्ठ्यात) ठेवावं लागतं. स्टॅटिक सोपं वाटतं, पण सोसायटीने दुसरी टाकी बांधली की तोच कोड दोघींसाठी चालवताना चलांची सरमिसळ होते. स्ट्रक्टच बरं. शिवाय मॅक्रोंमध्ये एक अदृश्य स्विच दडलेलं असल्यामुळे तुमच्या स्वतःच्या स्विचच्या आत ‘थांब’ लिहिता येत नाही: ती ‘केस’ आतल्या स्विचला जाऊन चिकटते आणि कंपायलर चूप राहतो. एकाच ओळीवर दोनदा ‘थांब’ लिहिलंत तर मात्र एकाच क्रमांकाच्या दोन केस होतात आणि तो लगेच ओरडतो. ही चूक त्यामानाने सज्जन.

सर्वात छुपा धोका यापलीकडचा आहे. वीज गेल्यावर काम जिथे थांबलं तिथून सुरू व्हावं म्हणून कोणी स्थितीचा आकडा ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, लिहून ठेवतो. मग नव्या आवृत्तीत वर दोन ओळींची टिप्पणी वाढते. जुनी ४२ आता ४४ झालेली असते आणि ४२ वर जुन्या ४०ची ‘थांब(टाकी_रिकामी)’ आलेली असते. पण आठवणीत ४२च आहे, म्हणून वीज आल्यावर यंत्र भलत्याच अटीवर ताटकळत बसतं. ओळीचा क्रमांक एका बिल्डपुरताच खरा.

काही यंत्रांना तर ही पद्धत मुळातच शोभत नाही. इंटरनेटवरच्या टीसीपी जोडणीचं स्टेट मशीन पाहा: तिचे नियम मांडणाऱ्या १९८१ च्या आरएफसी ७९३ या दस्तऐवजात तिच्या ११ स्थिती आहेत आणि बाहेरून काय येतं त्यानुसार वाट फुटते. तिला सरळ गोष्टीसारखा क्रम नाही, म्हणून स्थितींना नावंच हवीत. तिथे प्रीप्रोसेसर वेगळ्या कामाला येतो. स्थितींची यादी एका मॅक्रोत एकदाच लिहायची आणि ती दोनदा उलगडायची: एकदा ‘इनम’ (आकड्यांना दिलेल्या नावांची यादी) बनवायला, एकदा त्याच नावांच्या छापील अक्षरांचा तक्ता बनवायला. याला ‘एक्स मॅक्रो’ म्हणतात. लॉगमध्ये नुसत्या ७ऐवजी स्थितीचं नाव दिसतं आणि नवी स्थिती वाढवली की तक्ता आपोआप वाढतो.

एव्हाना इतर भाषांनी हे काम कंपायलरकडे दिलं आहे. सी शार्पमध्ये २०१२ पासून, रस्टमध्ये २०१९ पासून ‘अवेट’ (थांब) लिहिलं की कंपायलर स्वतःच आत स्टेट मशीन बांधतो आणि टिकवायची लोकल चलंही त्यात जपून ठेवतो. सी प्लस प्लसमध्ये २०२० च्या मानकाने कोरूटिन (मध्येच थांबून तिथूनच पुढे चालणारी फंक्शनं) आले. सीच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानकात मात्र तशी सोय नाही, त्यामुळे दोन किलोबाइटच्या चिपवर सी लिहिणारा अजूनही ‘लाइन’ आणि ‘केस’ यांची मोट बांधतो.