नाव आणि जन्मतारीख जुळली म्हणजे माणूस तोच?

दोन नोंदींत नाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस नक्की तोच, हा समज जुना आहे आणि चुकीचाही. हिशेब पाहा. ६० वर्षांत जन्मतारखा होतात साधारण २२ हजार. एकाच नावाची १७५ माणसं घेतली, तरी त्यातल्या कुठल्या तरी दोघांची पूर्ण जन्मतारीख वर्षासकट एक असण्याची शक्यता जवळपास निम्मी असते. प्रचलित नावांचे तर हजारो लोक असतात!

नुसत्या नावावर तर मुळीच विसंबू नये. अमेरिकेत ‘ट्रान्सयुनियन’ या पतमाहिती कंपनीने सरकारी निर्बंध यादीतल्या (ज्यांच्याशी व्यवहार करायला बंदी आहे अशांच्या) नावांशी केवळ नाव-आडनाव ताडून ग्राहकांच्या अहवालांत इशारे टाकले. त्यावरून झालेल्या खटल्याचा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला; दावेदारांच्या गटात ८,१८५ जण होते.

मग खात्री कशी करायची? डॉक्टर किंवा वकील असेल तर नोंदणी क्रमांक पाहावा, संशोधक असेल तर ‘ऑर्किड’ (ORCID) हा संशोधकांना मिळणारा १६ अंकी ओळख क्रमांक. न्यायालयीन नोंदीत पत्ता, वय, पालकांचं नाव तपासावं. आणि जुळणाऱ्या गोष्टी मोजत बसण्यापेक्षा न जुळणारी एक शोधावी: नोंदीतल्या घटनेच्याच काळात आपला माणूस दुसऱ्याच शहरात नोकरीला असल्याची पक्की नोंद सापडली, तर प्रश्न तिथेच मिटतो.