गोदावरी समुद्राला मिळाल्यानंतर

नाशिकमध्ये पुराची पातळी आजही दुतोंड्या मारुतीवरून सांगितली जाते. पाणी मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, एवढे कळले की गोदाकाठाला पुराचा अंदाज येतो. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिचे आणि इतर नद्यांचे गोडे पाणी हलके असल्याने वर राहते, खालच्या थंड पाण्याला सहजी मिसळू देत नाही, आणि या उबदार थरावरच पावसाळ्यातील कमी दाबाची क्षेत्रे पोसली जातात. म्हणून उपसागरातील प्रवाहांचा अभ्यास आपल्या पावसाचाही अभ्यास आहे.

पूर्वी समुद्रशास्त्रज्ञाची सारी कारकीर्द जहाजावर अवलंबून असे. जहाज पुढे गेले की त्या जागेची नोंद संपली. १९५५ मध्ये ब्रिटिश समुद्रशास्त्रज्ञ जॉन स्वॅलो यांनी ठरावीक खोलीवर तरंगत राहणाऱ्या अॅल्युमिनियमच्या नळ्या सोडल्या आणि दोनच वर्षांत अटलांटिकमधील गल्फ स्ट्रीम या उबदार प्रवाहाच्या खाली उलट दिशेने वाहणारा प्रवाह मोजला गेला. अमेरिकी समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी असा प्रवाह असला पाहिजे, हे आधीच गणिताने मांडले होते. याच स्टॉमेल यांनी १९८९ मध्ये, अभियंते डग वेब यांच्या कल्पनेच्या आधारे, महासागरभर स्वतःहून फिरून नोंदी घेणाऱ्या ‘ग्लायडर’ या यंत्रांचे चित्र रेखाटले.

ग्लायडरला जहाजासारखा फिरणारा पंखा नसतो. आतले तेल बाहेरच्या पिशवीत ढकलले की वजन तेवढेच राहून आकारमान वाढते आणि यंत्र वर येते. तेल आत घेतले की ते बुडते, आणि विमानासारख्या पंखांमुळे प्रत्येक चढउतारात थोडे पुढे सरकते. वेग जेमतेम ताशी एक किलोमीटर. भरल्या नदीत पोहणारा जसा समोरच्या घाटाला न लागता खाली वाहत जाऊन लागतो, तसेच तेही अपेक्षित जागेपासून दूर वर येते, आणि नेमक्या त्या अंतरावरून प्रवाहाचा वेग काढता येतो. मला ही युक्ती या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

२००९ मध्ये अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या ग्लायडरने २२१ दिवसांत अटलांटिक ओलांडला. २०१६ च्या पावसाळ्यात भारतीय आणि ब्रिटिश शास्त्रज्ञांनी ‘सिंधु साधना’ या जहाजाच्या मोहिमेत बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागात ग्लायडर सोडले, तेव्हा श्रीलंकेला वळसा घालून आलेले अरबी समुद्राचे खारे पाणी वरच्या गोडसर थराखाली शिरताना त्यांच्या नोंदींत दिसले.